मदत हवी आहे: यामाहा आरएक्स १०० बाइकचा क्रँक (इंजिनचा मुख्य फिरता दांडा) घरी दुरुस्त करू की लेथवाल्याकडे देऊ?

गाडी १९९४ ची. कनेक्टिंग रॉड वर-खाली ओढला की खटखट लागते, म्हणजे बिग एंड (रॉडचं क्रँककडचं बेअरिंग) गेलंय. बोर-पिस्टन ठीक. इंजिन उघडून क्रँक बाहेर काढलाय. रॉड किट, मेन बेअरिंग, ऑइल सील आणलेत. कुपवाड एमआयडीसीत मित्राकडे हायड्रॉलिक प्रेस आहे, त्यामुळे रॉड धरणारी जुनी पिन निघेल, नवी बसेलही. अडतंय पुढे, क्रँकच्या दोन्ही वेब (पिनच्या दोन बाजूंच्या जड चकत्या) एका रेषेत आणताना. डायल गेज (बारीक फरक मोजायचं), व्ही-ब्लॉक (क्रँक टेकवायला), तांब्याचा हातोडा आहे, अनुभव शून्य. आधी एकाने मित्राचा क्रँक नुसत्या नजरेच्या अंदाजाने ठोकून दिला होता, गाडी हँडलपर्यंत थरथरायची, म्हणून धास्ती. तयार नवा क्रँक नकोय, हाच ठेवायचाय. सांगली-मिरज ते सातारा पट्ट्यात डायल लावून रनआउट (फिरताना दांडा किती डगमगतो ते) समोर दाखवणारा कोणी आहे का? आणि घरी केलेल्यांनो, ०.०३ मिमीच्या आत खरंच आणता आलं का?