इमॅजिका, अडीच वर्षांची मुलगी आणि सासू-सासरे: न दमता कसं जमवायचं?

खिचडी_एक्सप्रेस (कोथरूड)

नमस्कार मंडळी, जानेवारीत इमॅजिकाला (खोपोलीजवळचं थीम पार्क) जायचं घाटतंय. आम्ही सहा जण, मी, नवरा, सासू-सासरे, मुलगा साडेपाच वर्षांचा आणि मुलगी अडीच. मुलगा सध्या डायनासोरमय आहे, पोळीसुद्धा टी-रेक्ससारखी फाडून खातो. मुलगी दुपारी एकला झोपली नाही तर तीनला घर डोक्यावर घेते. सासूबाईंचे गुडघे आणि सासऱ्यांची शुगर, त्यांना वेळेवर खायला लागतं.

नवऱ्याने एक्सेल केलीये. खरंच केलीये. अकरा ते साडेअकरा ही राइड, साडेअकरा ते बारा ती राइड, असं रात्रीपर्यंत, एक रकाना रिकामा नाही आणि मुलीच्या झोपेसमोर फक्त "स्ट्रोलर" लिहिलंय. मी म्हटलं अरे तिला झोपायला अंधार लागतो, पंखा लागतो, माझ्या कानाची पाळी लागते (ती धरूनच झोपते), तर म्हणे दमली की झोपेल. त्याचं म्हणणं एवढ्या सहा तिकिटांचे पैसे घालायचे तर वसूल झाले पाहिजेत. माझं म्हणणं एवढंच की संध्याकाळी घरी येताना आम्ही एकमेकांशी बोलत असलो पाहिजे.

तर सांगा, त्याच दिवशी परत यावं की राहावं? वॉटरपार्क पण करावा का? शनिवार-रविवार की मधला वार? आणि आजी-आजोबांना न्यावं का, की ते बिचारे दिवसभर पिशव्या सांभाळत बसतील?

दोन_पोरांचा_बाप (ठाणे)

ताई, तुमचा नवरा म्हणजे चार वर्षांपूर्वीचा मी. फक्त माझी एक्सेल नव्हती, वहीत होतं.

आम्ही पहिल्यांदा गेलो तेव्हा एकाच ट्रिपमध्ये थीम पार्क आणि वॉटरपार्क दोन्ही कोंबलं, दोन्हींची तिकिटं वेगवेगळी असतात त्यामुळे खर्च पण डबल आणि वसूल करायचं टेन्शन पण डबल. धाकटा तेव्हा तीनचा. दुपारी अडीचला तो भर उन्हात फरशीवर आडवा पडला आणि उठेचना, मोठी म्हणतेय बाबा अजून एक राइड, बायको माझ्याकडे बघतेय, आणि मी हातात नकाशा घेऊन उभा. चूक कोणाची नव्हती हो, माझीच होती. दुसऱ्या वेळी ठरवून फक्त थीम पार्क केलं आणि सहा-सात गोष्टी झाल्या की बास म्हटलं. त्या वेळचे फोटो बघा, सगळे हसतायत.

तुमच्या पोरांसाठी सांगतो. अडीचवालीला टबी टेक्स ऑफ (हत्तीत बसून वर गोल फिरायचं), मॅजिक कॅरोसेल म्हणजे आपले लाकडी घोडे, असलं काहीतरी, आणि हे एकेकदा करून पुढे पळू नका. लहान पोराला तीच गोष्ट परत हवी असते. आमच्याने घोडा पाच वेळा केला, प्रत्येक वेळी तोच पांढरा घोडा, तो दुसऱ्या कोणाला मिळाला तर आम्ही पुढच्या फेरीपर्यंत थांबायचो. अलीबाबा सगळ्यांना चालेल, गाडीत बसून बंदुकीने नेम मारायचा, आजोबा लोकं तर फार रंगतात. सलीमगढ भुताचं आहे, तिकडे फिरकू नका. रॅथ ऑफ द गॉड्समध्ये आवाज जबरी आहे, लहानगीला नको.

राइडला वय विचारत नाहीत, उंची बघतात. म्हणून घरीच भिंतीला टेकवून मोजा, वेबसाइटवर कशाला किती उंची लागते ते बघा आणि मगच पोराला काय ते प्रॉमिस करा. तिथे पट्टीपाशी जाऊन "तू बसत नाहीस" ऐकलं की जो भोंगा सुरू होतो तो खोपोलीपर्यंत ऐकू जातो.

बाय द वे तिथे राजासॉरस नावाची बोटीची राइड आहे ना, तो खराखुरा डायनासोर आहे बरं का, राइडसाठी काढलेलं नाव नाही. गुजरातेत तेव्हाच्या खेडा, आताच्या महिसागर जिल्ह्यात रहिओली म्हणून गाव आहे तिथे हाडं सापडली आणि २००३ मध्ये शास्त्रज्ञांनी राजासॉरस नर्मदेन्सिस असं नाव दिलं. पोराला आदल्या रात्री हे सांगा, रांगेतली पंधरा मिनिटं तोच सगळ्यांना लेक्चर देत काढेल.

नाही_म्हणणारा (सदाशिव पेठ)

अडीच वर्षांच्या मुलीला घाट उतरवून एवढ्या लांब कशाला नेताय? पुण्यातच पेशवे पार्कात फुलराणी ही छोटी आगगाडी आहे, १९५६ पासून चालू आहे, सारसबागेला लागून. गाडीत बसवा, बाहेर येऊन भेळ खा, दीड तासात घरी, एक वाजता मुलगी झोपलेली. तिला त्यातलं जेवढं आठवणार तेवढंच इमॅजिकातलं आठवणार. म्हणजे काहीच नाही.

खिचडी_एक्सप्रेस

हाहाहा काका फुलराणी महिन्यातून दोनदा होते आमची, गार्ड ओळखतो. पण साडेपाचवाल्याचं काय करू, त्याला वर्गातल्या तीन जणांनी सांगून ठेवलंय ना.

पेन्शनर_काकू (डोंबिवली)

अगं सासू-सासऱ्यांना ने. पण आधी विचार त्यांना, आणि विचारायचं म्हणजे "तुम्ही येणार ना?" असं नाही, त्याला आम्ही होच म्हणतो. "दिवसभर चालायचं आहे, मध्ये बसायला लागेल, संध्याकाळ होईल, जमेल का" असं विचार.

मी गेल्या वर्षी लेकीबरोबर गेले होते. मला राइडचं काही नव्हतं गं, मला नातवाचं तोंड बघायचं होतं घोड्यावर बसलेलं. पण झालं काय, मला एका बाकावर बसवलं, बरोबर चार सॅका, दोन बाटल्या, एक ओला शर्ट, आणि "आलोच आई" म्हणून गेले ते सव्वा तासाने आले. फोन लेकीच्या पर्समध्ये आणि पर्स माझ्याच मांडीवर! तर तू असं कर, त्यांचा फोन त्यांच्याच खिशात, पाण्याची बाटली वेगळी, सासऱ्यांच्या खिशात बिस्किटं-गोळ्या जे लागतं ते. बाहेरचं खाणं आत नेऊ देत नाहीत, पण औषधाचं आणि तान्ह्यांचं खाणं असेल तर गेटवर नीट सांग, समजून घेतात. छोटीसाठी मऊ भात-मेतकूट थर्मासमध्ये घे.

आणि देवाचं बोलते, तो भाग अष्टविनायकाचा आहे. महडचा वरदविनायक खोपोलीजवळच, आणि इमॅजिका ज्या रस्त्यावर आहे तोच रस्ता पुढे पालीला बल्लाळेश्वराला जातो. सासूबाई नक्की म्हणतील "एवढं आलोच आहोत तर". त्याच दिवशी करू नका! राहणार असाल तर दुसऱ्या दिवशी सकाळी महड करून परत या. पाली पुढच्या वेळी. आणि मॅपवर महड टाकताना बघ हो, आमच्या जावयाने महाड लावलं होतं, चवदार तळ्याचं महाड, ते गोवा हायवेवर कुठच्या कुठे, पेणच्या पुढे गेल्यावर मी म्हटलं अरे हा रस्ता ओळखीचा नाही.

सहलीवाली_बाई (पनवेल)

मी शाळेत शिकवते, दर वर्षी सहलीला पोरं घेऊन जाते, त्यामुळे एक आतली गोष्ट सांगते जी कोणी सांगत नाही. सगळे म्हणतात मधल्या वारी जा, गर्दी नसते. पण नोव्हेंबरपासून जानेवारीपर्यंत मधला वार म्हणजे आमचा वार! चाळीस-पन्नास पोरांची एक बस, अशा पाच-सात बसा एकदम उतरल्या की मोठ्या राइडच्या रांगा भरतात. पण आम्हाला परतीची घाई असते, पालक शाळेच्या गेटवर उभे असतात, म्हणून आम्ही दुपारनंतर पोरं मोजायला लागतो आणि निघतो. तुमच्यासारख्यांनी सकाळी लहान मुलांच्या राइड कराव्यात, आमची सातवी-आठवीची पोरं तिकडे ढुंकूनही बघत नाहीत, आणि मोठ्या राइड चारनंतर. जेवण साडेअकरा-पावणेबारालाच उरकायचं, एक वाजता सगळ्या बसा एकदम जेवायला सुटतात, तेव्हा ताट घेऊन उभं राहायलाही जागा मिळत नाही. तुमच्या सासऱ्यांना पण तेच बरं पडेल.

सुट्टीचा शनिवार-रविवार, नाताळ ते एक तारीख, हे तर सोडाच.

आणि आम्ही करतो ते करा, सकाळी गाडीतून उतरल्या उतरल्या दोन्ही मुलांचा पायापासून डोक्यापर्यंत फोटो काढा. मूल नजरेआड झालं ना तर आई-बापाला त्या क्षणी शर्टाचा रंग आठवत नाही, मी डोळ्याने पाहिलंय. मनगटावर बॉलपेनने फोन नंबर, वरून पारदर्शक चिकटपट्टी, म्हणजे घामाने पुसत नाही.

जर्सीकर

इथे अमेरिकेत राहून ऑरलँडोला डिस्नेला पोरं घेऊन तीनदा झालंय, त्यातून शिकलेली एकच गोष्ट सांगतो. दुपारी बाहेर पडा. जवळ राहिलात तर एक ते चार रूमवर, पोरगी तिच्या पंख्याखाली, आजी-आजोबा आडवे, मोठा टीव्हीपुढे, आणि चारला सगळे ताजे होऊन परत. इमॅजिकाला लागून नोवोटेल आहे, बजेटमध्ये बसत असेल तर एक रात्र तिथे काढा, नाहीतर खोपोलीत कुठेतरी. फक्त त्या तिकिटावर बाहेर येऊन परत आत जाता येतं का हे आधी विचारून घ्या. आणि नवऱ्याला नायट्रोवर एकटं जाऊ दे हो, बी अँड एम या स्विस कंपनीचं फ्लोअरलेस, म्हणजे पायाखाली तळ नसलेलं रोलर कोस्टर आहे, पाय लोंबकळत जातात, बिचाऱ्याची एक्सेल त्याच्यासाठीच असणार.

खिचडी_एक्सप्रेस

(तीन आठवड्यांनी)

जाऊन आलो! सगळ्यांना थँक्यू, म्हटलं काय झालं ते लिहावं.

एक रात्र राहिलो. वॉटरपार्क कट, नवरा दोन दिवस गप्प होता पण मग त्याने स्वतःच एक्सेलमधले अर्धे रकाने पुसले (पुसले म्हणजे राखाडी केले, डिलीट नाही केले). मंगळवारी गेलो, बाई तुम्ही म्हणालात तसंच, गेटपाशी शाळांच्या बसा बघून माझ्या पोटात गोळा आला पण लहान मुलांच्या बाजूला खरंच सामसूम. घाटात मुलाने एक उलटी केली, त्याचा टीशर्ट बदलला, म्हणजे फोटो काढून ठेवला होता तो पण बदलायला लागला.

मुलीने हत्ती दोनदा केला, घोडा चारदा. तिला सगळ्यात काय आवडलं माहितीये? हात धुवायचा नळ. हात खाली नेला की आपोआप पाणी येतं, काढला की बंद, बया वीस मिनिटं तिथे होती, मागे लोकं आली की बाजूला व्हायची, ती गेली की परत. नवरा घड्याळ बघत होता, मी त्याच्याकडे बघितलं, मग तो पण खाली बसला तिच्या शेजारी.

राजासॉरससाठी मुलाने आठवडाभर जीव खाल्ला होता, उंची भिंतीवर तीनदा मोजली, रहिओलीची गोष्ट सासऱ्यांना, वॉचमनला, गाडी धुणाऱ्या दादांना सांगून झाली. तिथे रांगेत पोचलो आणि आतून बोट धाडकन खाली येऊन पाणी उडालं तसा म्हणाला "मी इथूनच बघतो." आम्ही पण काही बोललो नाही. कठड्याला धरून उभा राहिला आणि सात बोटी बघितल्या, प्रत्येक बोटीतल्या लोकांना ओरडून सांगत होता की हा डायनासोर गुजरातचा आहे. सासरे मात्र अलीबाबाला दोनदा गेले आणि नवऱ्याला हरवलं, ते आता शेजारच्या जोशीकाकांना रोज सांगतात.

जेवण पावणेबाराला, बरोबर होतं ते. एकला रूमवर, मुलगी कान धरून दोन तास झोपली आणि तिच्याबरोबर मी पण, खरं म्हणजे तीच माझी आवडती राइड. नवऱ्याने तेवढ्यात नायट्रो करून घेतलं. चारनंतर परत आत, थोडं फिरलो, परेड बघितली, मुलगी सासऱ्यांच्या खांद्यावर.

सासूबाई संध्याकाळी म्हणाल्याच, "एवढं आलोच आहोत तर." सकाळी महड केलं. नवऱ्याने मॅप लावला तेव्हा मी मागून दोनदा स्पेलिंग वाचलं, काकू.

पेन्शनर_काकू (डोंबिवली)

गुडघे कसे आहेत त्यांचे?

खिचडी_एक्सप्रेस

दुसऱ्या दिवशी दुखले काकू, तेल लावून दिलं. पण आज सकाळी विचारत होत्या की पाली तिथून पुढे नक्की किती लांब आहे.

नाही_म्हणणारा (सदाशिव पेठ)

नळ आमच्या सोसायटीतही आहे. या कधी पण.