दुसरा कान ‘राखून’ ठेवावा का?

गोदाकाठचा

मावसबहिणीची मुलगी साडेतीन वर्षांची आहे. जन्मापासून दोन्ही कानांनी ऐकू येत नव्हतं. उजव्या कानात कॉक्लिअर इम्प्लांट (कानात तार बसवून ऐकण्याच्या नसेला थेट विजेचे संदेश देणारं यंत्र) झालंय, आता मलाच दटावते, ‘मामा, गाडी हळू चालव’. डॉक्टर म्हणतात डाव्याचंही करून टाका, उगाच लांबवू नका. घरात दोन तट पडलेत आणि मी ‘थांबा’वाल्यांत आहे.

माझं म्हणणं असं. आपण प्रत्येक कानात साधारण १५-१६ हजार केशपेशी घेऊन जन्माला येतो. आवाजाच्या कंपनाचं विजेच्या संदेशात रूपांतर त्या करतात. एकदा मेल्या की माणसात परत उगवत नाहीत. पण कोंबडीत उगवतात! १९८७-८८ च्या सुमारास हे सिद्ध झालं. आवाजाने किंवा औषधाने बहिरं झालेलं पिल्लू काही आठवड्यांत पुन्हा ऐकू लागतं. शेजारच्या आधारपेशीच केशपेशी होतात. २०१३ मध्ये बोस्टनच्या संशोधकांनी आवाजाने बहिऱ्या केलेल्या उंदरांच्या कानात औषध घालून काही केशपेशी उगवून दाखवल्या, थोडं ऐकणंही परत आलं. म्हणजे सस्तन प्राण्यांत हे बंद आहे, पण कायमचं कुलूप नाही.

इम्प्लांटची तार शंखात (आतल्या कानाचा वेढ्यांचा भाग, केशपेशी तिथेच असतात) सरकवली की आतल्या नाजूक रचनेला इजा होऊ शकते. पोरगी अठराची होईपर्यंत उपचार आला आणि आपण दोन्ही कान आधीच वापरून बसलेलो असलो तर? एक चालू आहे, दुसरा राखून ठेवू. यात गैर काय?

सातपूरकर

काही गैर नाही भो. मी सातपूर एमआयडीसीत प्रेस शॉपला होतो, आता रिटायर. माझ्या केशपेशी यंत्रांनी खाल्ल्या. आवाज येतो, शब्द येत नाही. ‘सात’ की ‘हात’ कळत नाही, कारण स, श, फ ही अक्षरं वरच्या पट्टीतली आणि तीच पहिली जातात. कानाचं मशीन लावलं तर सगळंच मोठं होतं, भांडीसुद्धा. लग्नात पंगतीत बसलो की नुसती मान हलवतो.

लोक म्हणतात, संशोधनावर आशा ठेवणं हा भोळेपणा. ज्याला ऐकू येतं त्याला बोलायला काय जातं.

मॅपिंगवाली ताई

मी याच क्षेत्रात काम करते, इम्प्लांटचं यंत्र प्रत्येकाच्या कानाला जुळवून देते (त्यालाच मॅपिंग म्हणतात), म्हणून जरा लांब लिहिते.

सातपूरकर काका, तुमची आशा आणि या मुलीचा डावा कान ही दोन वेगळी प्रकरणं आहेत. तुमच्या मेंदूला भाषा येते. उद्या खरंच औषध आलं, तर तुमच्या केशपेशींनी दिलेला संदेश कुठे वाचायचा हे त्याला ठाऊक आहे. या मुलीच्या डाव्या कानाकडून मेंदूला आजवर जवळजवळ काहीच मिळालेलं नाही. पहिली तीन-चार वर्षं मेंदू ऐकण्याचे रस्ते बांधत असतो. एकाच कानातून संदेश येत राहिले की तो त्या कानाच्या बाजूने झुकतो आणि दुसऱ्याचा वाटा कमी करत जातो. पंधरा वर्षांनी त्या कानात अगदी नव्याकोऱ्या केशपेशी उगवल्या, तरी पलीकडे ऐकणारं कोण असेल? दोन इम्प्लांटमधलं अंतर जितकं वाढतं तितका दुसऱ्या कानाचा फायदा घटतो, हे आम्ही मॅपिंगच्या खुर्चीत बघतो.

दोन कान कशाला लागतात तेही सांगते. आवाज कुठून आला ते मेंदू दोन कानांतला फरक मोजून ठरवतो. नाशिकच्या गजबजलेल्या द्वारका चौकात एका कानाच्या मुलीला हॉर्न ऐकू येईल, पण ट्रक डावीकडून की उजवीकडून हे कळणार नाही. वर्गात पंखा, बाकांचा खडखडाट आणि चाळीस पोरं असताना बाईंचा आवाज वेगळा काढायलाही दुसरा कान लागतो. ‘एक चालू आहे’ हे घरात खरं असतं, शाळेत नाही.

तारेने इजा होते हे मान्य. हल्ली तारा मऊ असतात, सर्जन हलक्या हाताने सरकवतात, तरी धोका शून्य नाही. पण तो कान रिकामा ठेवण्याचा तोटा आजपासून चालू आहे.

पेशीवाचक

(एमएस्सी, जीवशास्त्र. डॉक्टर नाही.)

धागाकर्त्याने २०१३ चा उंदीर सांगितला, त्यापुढचं राहिलं.

तत्त्व सोपं आहे. केशपेशी आपल्या शेजारणींना ‘तुम्ही आधारपेशीच राहा’ असा संदेश देत असते, त्याला नॉच संदेशमार्ग म्हणतात. तो औषधाने दाबायचा, किंवा एटीओएच१ हे जनुक आत घालून आधारपेशीला केशपेशी व्हायला लावायचं. २००५ मध्ये मिशिगनच्या गटाने बहिऱ्या केलेल्या गिनीपिगमध्ये हे जनुक घालून पेशी आणि थोडं ऐकणं परत आणलं होतं. मग माणसांवर काय झालं?

नोव्हार्टिसने हेच जनुक घेऊन २०१४ मध्ये माणसांवर चाचणी सुरू केली. त्यातून उपचार निघाला नाही. फ्रीक्वेन्सी थेरप्युटिक्स या अमेरिकन कंपनीचं एफएक्स-३२२ हे औषध कानाच्या पडद्यातून सुईने मध्यकर्णात द्यायचं होतं. सुरुवातीच्या छोट्या चाचणीत काहींना शब्द जास्त ओळखू आले म्हणून केवढा गाजावाजा झाला. २०२१ मध्ये पुढची चाचणी फसली, फेब्रुवारी २०२३ मध्ये त्यापुढचीही फसली आणि कंपनीने कानाचं कामच बंद केलं. युरोपातल्या रीगेन चाचणीत नॉच दाबणारं औषध वापरलं, तिचे निकाल २०२४ मध्ये छापून आले. औषध सुरक्षित निघालं, पण ठरवलेलं मुख्य उद्दिष्ट गाठता आलं नाही.

कारणं बरीच आहेत. नवजात उंदराच्या आधारपेशी लवचीक असतात, मोठ्याच्या दाद देत नाहीत. माणसाचा शंख तर जन्माच्या कितीतरी आधी पक्का होतो. पेशी उगवली तरी अर्धवट राहते. आतल्या रांगेतल्या आणि बाहेरच्या रांगांतल्या केशपेशींची कामं वेगळी आहेत, कुठे कोणती हवी ते ठरलेलं आहे. मग तिला मज्जातंतूशी जोडून घ्यायचं आहे. शिवाय शंख अडीच वेढ्यांचा, कवटीच्या सगळ्यात कठीण हाडात गाडलेला. जिवंत माणसाच्या शंखातून तुकडा काढून ‘पेशी उगवल्या का’ हे तपासता येत नाही. शब्द ओळखण्याच्या परीक्षेवर विसंबावं लागतं, आणि ती परीक्षा दुसऱ्यांदा देताना माणूस आपोआप बरी देतो.

आता सर्वांत महत्त्वाचं: मुलीची जीन टेस्ट झाली आहे का? भारतात जन्मजात बहिरेपणात जीजेबी२ या जनुकाचा दोष बऱ्याचदा सापडतो. तो दोष मुळात आधारपेशींमध्ये असतो. त्यांच्यापासून नवी केशपेशी उगवली तरी शेजार तोच बिघडलेला. कारखान्यात कान गेलेल्या काकांना पेशी उगवण्याचा उपयोग होईल, या मुलीला नुसत्या उगवण्याचा होईलच असं नाही. ‘बहिरेपणावर उपचार’ असा एकच एक उपचार कधी येणार नाही.

गोदाकाठचा

जीन टेस्ट झालेली नाही, कोणी सांगितलीच नाही.

पण ओटोफर्लिन या जनुकावरच्या उपचाराचं तुम्ही सोयीस्कर गाळलंत. शांघायच्या फुदान विद्यापीठाच्या गटाने जानेवारी २०२४ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापलंय. जन्मजात बहिऱ्या ६ मुलांच्या कानात जनुक घातलं, ५ जणांना ऐकू येऊ लागलं. हे उंदीर नाहीत. तीन वर्षांपूर्वी तुम्ही यालाही ‘अशक्य’च म्हटलं असतं.

पेशीवाचक

गाळलं नाही, तो विषय वेगळा आहे. त्या मुलांच्या केशपेशी जिवंत आणि जागच्या जागी होत्या. संदेश पुढे टाकायला लागणारं एक प्रथिन बनत नव्हतं. ते जनुक इतकं लांब की ते पेशीत नेणाऱ्या एका विषाणूवाहकात मावत नाही, दोन तुकडे करून पाठवावे लागले. कमालच आहे, पण त्यात एकही पेशी नव्याने उगवलेली नाही. हा दोष असणारी मुलं थोडी.

फाईल उघडून बघा: ओएई (बाहेरच्या केशपेशी काम करतात का ते बघणारी तपासणी) आणि बेरा (आवाजाचा संदेश नसेतून मेंदूकडे जातो का ते बघणारी) काय सांगतात? ओटोफर्लिनच्या दोषात बाहेरच्या केशपेशी ठीक असतात, म्हणून लहानपणी ओएई बहुधा पास होते आणि बेरा सपाट येते. तसं असेल तर थांबण्याला खरंच अर्थ आहे, आणि मी तुमच्या बाजूला येईन. केंब्रिजच्या अ‍ॅडनब्रूक्स रुग्णालयात हा दोष असलेल्या एका चिमुरडीला उजव्या कानात जनुक आणि डाव्या कानात इम्प्लांट, दोन्ही एकाच वेळी दिलं होतं.

हातांची भाषा

मी जन्मापासून बहिरा. नाशिकरोडला नोकरी करतो, बायकोही बहिरी. इथे सगळे मुलीच्या कानाबद्दल बोलतायत. रात्री मशीन काढून ठेवल्यावर, आंघोळीला, बॅटरी संपल्यावर तिच्याशी कोण कसं बोलतं? खुणांची भाषा घरात कोणी शिकलंय का? पेशी उगवो न उगवो, ती मोठी होईपर्यंत मध्ये बरीच वर्षं आहेत. मला ‘दुरुस्त’ होण्याची वाट बघत आईवडिलांनी माझं बालपण घालवलं. एका डॉक्टरकडून दुसऱ्याकडे, मग नवस, मग कोणाचं तरी तेल.

मॅपिंगवाली ताई

खुणांची भाषा शिकवा, त्याने बोलणं मागे पडत नाही. आमच्या क्षेत्रात बरेच जण अजून उलटं सांगतात, माझं त्यांच्याशी पटत नाही. पण इम्प्लांट म्हणजे ‘दुरुस्ती’ हे मला मान्य नाही. ते एक साधन आहे.

हातांची भाषा

साधन म्हणता, पण सुट्टीच्या दिवशीही लावायला लावता.

त्रिमूर्ती_चौक

स्टेम सेलचं इंजेक्शन देऊन नस जिवंत करतात म्हणे, व्हिडिओ आलाय. कोणी केलंय का?

पेशीवाचक

करू नका. २०१७ च्या राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे रक्ताच्या ठराविक आजारांतलं प्रत्यारोपण सोडलं तर स्टेम सेलचा बाकी सगळा वापर प्रायोगिक आहे, तोही फक्त मंजूर चाचणीत. चाचणीत सामील करून घ्यायला रुग्णाकडून पैसे मागत असतील तर उठून यायचं.

दोन प्रोसेसरवाली आई

स्पष्ट बोलते, राग मानू नका. आमच्याकडेही ‘विज्ञान पुढे जाईल, थांबू’ असंच म्हणत होते. मुलाचं पहिलं योजनेतून झालं, दुसऱ्याचे पैसे स्वतः भरायचे होते. खरी अडचण ती होती. पण ‘पैसे नाहीत’ म्हणायला लाज वाटते आणि ‘संशोधन चालू आहे’ म्हणायला नाही. प्रोसेसर (इम्प्लांटचा कानाबाहेर लावायचा भाग) काही वर्षांनी बदलावा लागतो, तोही लाखांत. कॉइल, केबल, बॅटऱ्या, स्पीच थेरपीला जाण्यायेण्याचा खर्च वेगळा. दोन कान म्हणजे हे सगळं दुप्पट. हे कारण असेल तर उघड मांडा. त्यावर निदान ट्रस्ट, देणगीदार, हप्ते असे मार्ग शोधता येतात.

गोदाकाठचा

पैशाचा प्रश्न आहे, नाही कसा? पण माझा मुद्दा तेवढाच नाही. परत करता न येणारी गोष्ट घाईने करू नये एवढंच म्हणतोय.

मॅपिंगवाली ताई

आणि वाट बघण्यात गेलेलं वय परत करता येतं?

सातपूरकर

माझं मत अजून आशेच्याच बाजूने, पण एक विचारतो. समजा उद्या माझ्या पेशी उगवल्या आणि गणपतीत मी पुन्हा त्या ढोलांच्या आणि डीजेच्या भिंतीसमोर उभा राहिलो, तर त्या किती टिकतील? नाशिक ढोल मलाही आवडतो, अंगात येतं. पण पथकातली पोरं इयरप्लग न लावता तासन्‌तास वाजवतात. कारखान्यात आठ तासांना ९० डेसिबलची मर्यादा कागदावर होती. आवाजाने आलेला बहिरेपणा फॅक्टरी अ‍ॅक्टमध्ये नोंदवायच्या आजारांत होता, हे मला रिटायर झाल्यावर कळलं. आमच्या शॉपमधल्या कोणाचीच नोंद झाली नाही.

गोदाकाठचा

फाईल बघितली. ओएई दोन्ही कानांत ‘रेफर’ म्हणजे पास नाही, बेरा दोन्हीकडे सपाट.

पेशीवाचक

मग ओटोफर्लिनची शक्यता कमी झाली. ओएई नंतरही जाऊ शकते, म्हणून अगदी संपली असं नाही. जीन टेस्ट करूनच घ्या. रक्त इथे देता येईल, नमुना बाहेर जाईल.

गोदाकाठचा

करतो. पण रिपोर्ट येईपर्यंत डाव्याची तारीख घेणार नाही, हे बहिणीला सांगितलंय. बहिणीचं मत माझ्यापेक्षा वेगळं आहे, तेही इथे नोंदवतो.

मॅपिंगवाली ताई

रिपोर्टपुरतं थांबा, त्याला माझी ना नाही. तोवर डाव्या कानाला श्रवणयंत्र लावून ठेवा, थोडंफार काही उरलं असेल तर तेवढं तरी आत जाऊ दे. आणि निर्णय बहिणीला घेऊ द्या, मामा.