पर्सनल ट्रेनिंगच्या तासात अध्यात्माला जागा असावी का?

नर्मदातीर
बडोद्यात काही ट्रेनर आता तासाची सुरुवात ओंकाराने करतात आणि शेवट ध्यानाने. कुणाला ते भावतं, कुणाला त्यात वेळ वाया गेला असं वाटतं. माझं मत : जागा असावी, पण ती ठरलेली असावी. 60 मिनिटांतली 2 सुरुवातीला, 6 शेवटी. सुरुवातीची दोन संकल्पाची : आज काय उचलायचं, कुठे थांबायचं हे मनाशी पक्कं करायचं आणि मग आपल्या आराध्याचं नाव घ्यायचं.

शेवटची सहा शवासनाची, पण पायांचा जड सेट संपवून लगेच आडवं होऊ नये. आधी 3 ते 5 मिनिटं सावकाश चालावं. मग 4 मोजत श्वास आत, 6 मोजत बाहेर. उठताना कुशीवर वळून क्षणभर बसावं. थेट उभं राहिलं की रक्तदाब पडतो आणि डोळ्यांपुढे अंधारी येते. ट्रेनर नेमका तेव्हा पुढच्या माणसाकडे वळलेला असतो.

रावपुरा_बारबेल
पूर्ण असहमत. शेवटचं शवासन एक वेळ चालेल, पण ही मंडळी तिथे थांबत नाहीत. स्क्वॉट चालू असताना ‘दीर्घ ओंकार म्हणत उठा’ असं शिकवणारे आहेत, आणि ते धोक्याचं आहे. जड वजनाखाली कण्याला आधार मिळतो तो पोटातल्या दाबाचा. वर असतानाच श्वास पोटात भरायचा, पोट चहूबाजूंनी ताठ करायचं, तसंच खाली जायचं आणि वर येताना अवघड टप्पा ओलांडल्यावरच श्वास सोडायचा. ओंकार म्हणजे लांब उच्छ्वास. तळातच हवा सुटली की धड ढिलं पडतं, छाती पुढे झुकते आणि भार कमरेवर येतो.

ज्यांचा रक्तदाब जास्त आहे त्यांनी श्वास कोंडू नये, हेही खरं. पण त्यांच्यासाठी उपाय वजन कमी करणं आणि जोर लावताना श्वास सोडणं हा आहे, मंत्र नव्हे. सेटच्या आधी जोरदार कपालभाती करून घेणंही थांबवा. भराभर श्वासाने रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरतो, मेंदूकडचा रक्तपुरवठा घटतो आणि माणूस डोकं हलकं झालेल्या अवस्थेत बारखाली शिरतो.

जुनी_तालीम
बारबेल, वजनाखाली मंत्र नको हे शंभर टक्के मान्य. पण तेवढ्यावरून अध्यात्मच बाहेर काढायचं? या शहरात जुम्मादादा मुसलमान उस्ताद आणि त्यांचे पट्टशिष्य माणिकराव हिंदू. त्यांची तालीम उभी राहिली गुरुभक्तीवर. मातीला हात लावून कपाळी लावणं, पहाटे उठणं, नवख्याला हात देणं, अंगातल्या ताकदीचा माज न करणं, हेच तिथलं अध्यात्म. आज जिममध्ये माणूस तिसऱ्या महिन्यात गळतो, कारण त्याला आरशापलीकडचं काही कारणच मिळालेलं नसतं.

मोजून_बघा
जुनी_तालीम, त्याच परंपरेतलं पुढचं नाव घ्या ना. डभोईत 1883 साली जन्मलेले स्वामी कुवलयानंद माणिकरावांकडे शिकले आणि मालसरच्या माधवदासजींकडे योग शिकले. 1920-21 मध्ये त्यांनी उड्डियान आणि नौली या पोटाच्या योगक्रियांचा शरीरावर होणारा परिणाम बडोद्याच्या सरकारी इस्पितळातल्या प्रयोगशाळेत तपासला. नौलीत मोठ्या आतड्यात हवेचा दाब बाहेरच्यापेक्षा कमी होतो हे दाबमापकावर दिसलं आणि त्या निर्वाताला त्यांनी गुरू माधवदासजींचंच नाव दिलं. श्रद्धा होती, पण दावा केला तो मोजून.

आणखी एक. 2001 साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये इटलीतल्या संशोधकांनी 23 निरोगी लोकांवरचा अभ्यास छापला. लॅटिनमधली ख्रिस्ती जपमाळेची प्रार्थना आणि ‘ॐ मणि पद्मे ॐ’ हा मंत्र या दोन्हींनी श्वास मिनिटाला सहाच्या आसपास आला आणि हृदयगतीचे चढउतार सुधारले. नर्मदातीर यांचं 4 आणि 6 म्हणजे 10 सेकंदांचा एक श्वास, हिशेब तोच. मग काम श्वासाची लय करते. ट्रेनरने लय शिकवावी, देव ज्याचा त्याने निवडावा.

आहारताई
अध्यात्माच्या नावाखाली उपासाचं काय होतं तेही बोला! नवरात्रात नऊ दिवस साबुदाणा, रात्री तीन-तीन तास अनवाणी गरबा आणि सकाळी ट्रेनर पायांचा पूर्ण व्यायाम घेतो. पोटऱ्या आणि टाचा दुखणारच. त्या नऊ दिवसांत पायांचे सेट निम्मे करा. गरब्याआधी 4 ते 6 आठवडे टाच उचलण्याचे 12 ते 15 चे तीन सेट सुरू करा, खाली येताना सावकाश.

वजन वाढवत नेणाऱ्याला किलोमागे साधारण 1.6 ग्रॅम प्रथिनं लागतात, 60 किलोच्या बाईला 96 ग्रॅम. साबुदाण्यात ती जवळजवळ नाहीतच. दही, पनीर, शेंगदाणे, राजगिरा उपासाला चालतात, ते वाढवा. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय निर्जळ उपासात व्यायाम करूच नये. गीतेच्या सहाव्या अध्यायातच सांगितलंय की अति खाणाऱ्याला योग साधत नाही आणि मुळीच न खाणाऱ्यालाही नाही.

नर्मदातीर
ताई, सेट निम्मे करण्याची सूचना फार मोलाची. नामाचा आणखी एक उपयोग सांगतो. कमाटीबागेत सावकाश धावताना ‘श्रीराम जय राम जय जय राम’ ही तेरा अक्षरं मोठ्याने, न तुटता म्हणता आली तर वेग बरोबर. मधेच दम लागून तुटली तर वेग कमी करा. नाडी मोजणारं घड्याळ नसलं तरी चालतं.

रावपुरा_बारबेल
धावताना चालेल. पण पहिल्या दिवशी भरायच्या फॉर्मवर एक ओळ हवी : श्वासासोबत मंत्र, मौन की नुसते अंक? आणि उत्तर ‘अंक’ आलं तर ट्रेनरने कारण विचारू नये. पैसे देणारा माणूस ट्रेनरपुढे संकोचाने हो म्हणतो, पुढे गप्प बसतो आणि शेवटी येणंच बंद करतो.

जुनी_तालीम
ओळ असू द्या. पण ‘मंत्र’ लिहिणाऱ्यालाही अंकांवरच बसवणारे ट्रेनर आहेत, कारण त्यांना स्वतःला नाव घ्यायला अवघड वाटतं. तीही सक्तीच झाली.