मदत हवी आहे: वासोट्याचा जीपीएक्स ट्रॅक नवख्यांना कसा द्यावा?

नमस्कार मंडळी. आम्ही साताऱ्याची काही मंडळी पावसाळा सरला की वासोटा किल्ल्यावर जातो. बामणोलीहून लाँच, पलीकडे वनखात्याची नोंद, मग दाट जंगलातली चढण. तिथे रेंजचा भरवसा नाही, म्हणून पुढच्या तुकडीला ट्रॅक, म्हणजे फोनने जीपीएसवर नोंदलेली वाट, आधीच द्यायचा आहे.

फाईल ओएसएमअँड या नकाशाच्या ॲपमधून काढलेली जीपीएक्स (अशा वाटा साठवायचा फाईलप्रकार) आहे. व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून नीट जाते, पण समोरचा ती थेट गूगल मॅप्समध्ये उघडू पाहतो आणि काहीच होत नाही. गूगलच्याच माय मॅप्समध्ये चढवता येते, पण तिथे नेट लागतं आणि घोडं नेमकं तिथेच अडतं. वयस्कर माणसालाही जमेल असं, नेटशिवाय चालणारं सोपं ॲप कोणतं?

दुसरं, ट्रॅक माझ्या घराच्या दारापासून सुरू होतो. तो सगळ्या गावाला कशाला दाखवायचा? बामणोलीच्या आधीचा भाग फोनवरच कसा छाटावा?

उंचीचाही घोळ आहे. काही फोनवर ती नकाशापेक्षा साठ-सत्तर मीटर कमी येते. जीपीएस लंबगोलापासून (पृथ्वीच्या गणिती आकारापासून) उंची मोजतं, नकाशा समुद्रसपाटीपासून. आपल्याकडे या दोन्हींत तेवढा फरक पडतो, इथवर कळलं. पण फाईलमधलेच आकडे एकदम दुरुस्त करता येतात का? लॅपटॉप आहे, क्यूजीआयएस हे नकाशांचं सॉफ्टवेअर टाकायचीही तयारी आहे.

आणि जुन्या हातातल्या जीपीएस यंत्रावर पाणवठ्यांची मराठी नावं नुसते चौकोन दिसतात. रोमन लिपीत लिहिण्यावाचून काही इलाज?