मदत हवी आहे : मिशिगनचा १९०१ चा फुटबॉल हंगाम

नमस्कार. मिशिगन विद्यापीठाच्या अमेरिकन फुटबॉल संघाच्या १९०१ च्या हंगामावर मी मराठीत लेख लिहीत आहे. प्रशिक्षक फील्डिंग योस्ट यांच्या या संघाने अकरा सामन्यांत ५५० गुण मिळवले आणि प्रतिस्पर्ध्यांना एकही गुण मिळू दिला नाही. १ जानेवारी १९०२ रोजी पासाडेना येथे स्टॅनफर्डविरुद्धचा सामना तर ४९–० अशा स्थितीत वेळेआधीच थांबवावा लागला. चेंडू हाताने पुढे फेकण्याची मुभा तेव्हा नव्हती आणि टचडाउनला, म्हणजे चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या गोलरेषेपलीकडे नेण्याला, पाचच गुण मिळत, हे ध्यानात घेतले की ही कामगिरी थक्क करते. मग बफेलो विद्यापीठाविरुद्धच्या एका सामन्यात १२८ गुण कोणत्या डावपेचांनी झाले असतील, हे जाणकारांनी कृपया समजावून सांगावे. शिवाय ‘डाउन’साठी, म्हणजे चेंडू पुढे नेण्याच्या एका प्रयत्नासाठी, नेमका मराठी शब्द सुचवावा, कबड्डीतील ‘चढाई’ मला जवळची वाटते, पण पुरेशी नाही.