भिंत नको, उतार द्या
नदीकाठ सुशोभित करताना नदीच्या दोन्ही काठांना उंच काँक्रीटची भिंत घातली की पुराची भीती संपते आणि वर मस्त जॉगिंग ट्रॅक होतो, हा तुमचा मुद्दा कळला पण मला अजिबात पटत नाही. भिंतीत कोंडलेलं पाणी जास्त जोरात पळतं आणि खालच्या वस्तीत जाऊन चढतं, म्हणजे पूर फक्त दुसऱ्याच्या दारात गेला. सिंगापूरचं बिशान-आंग मो किओ पार्क बघा, तिथे कलांग नदीचा २.७ किमीचा सरळसोट काँक्रीटचा नाला फोडून ३.२ किमीची वळणं घेत जाणारी नदी केली, २०१२ मध्ये पार्क खुलं झालं. काठाला गवताचा उतार, झाडांच्या मुळांनी आणि दगडांनी धरलेली माती, एरवी पोरं पाण्यात पाय घालून बसतात आणि जोराचा पाऊस आला की तीच हिरवळ पाण्याखाली जाते, त्यासाठी सायरन आणि पातळी मोजणारे सेन्सर लावलेत. लाइटिंग, कारंजी नंतर बघू. आधी सांडपाणी नदीत यायचं थांबवा, नाहीतर कितीही भारी बाक टाकले तरी वासाने कोणी बसणार नाही. आणि बाक सावलीतच टाका प्लीज, तापलेल्या फरशीवर म्हातारी माणसं बसणार कशी?