मदत हवी आहे: हुंड्यावरच्या भारुडात लोक भलत्यालाच हसतायत

गावच्या सप्ताहात हुंड्यावर भारूड करतोय. संत एकनाथांनी त्यांच्या भारुडात काम-क्रोधाला विंचू केलं, तसं आम्ही हुंड्याला फेटेवाला व्याही केलंय. "आम्हाला काही नको, तुमच्या मुलीलाच द्या" हे त्याचं पालुपद. हुंडाबंदीचा कायदा १९६१चा, पण लग्नाच्या बैठकीत हे वाक्य अजून सर्रास ऐकू येतं, म्हणून ते काढायचं नाही. अडचण अशी की तालमीला बसलेले लोक हसतात ते कर्ज काढणाऱ्या मुलीच्या बापाला. हे फार लागतं. त्याची फजिती कमी केली, रडका प्रसंग घातला, तर नुसतं भाषण झालं. वेळ वीस मिनिटं, साथीला मृदंग-टाळ, कुणाचं नाव-जात घ्यायची नाही. हसू व्याह्यावर वळवायला त्याचंच सोंग वाढवावं, की मुलीच्या तोंडी उलट सवाल द्यावेत?